पितराच्या पाटावर

पितांबर खोटं बोलायचा, आणि फार झकास बोलायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं तुम्ही मलाच धराल, की माणूस एवढा चांगला आणि हे काय करून बसला.

बरं, स्वतःसाठी तो कधी फारसं खोटं बोलला नाही. निम्मं आयुष्य दगासाठी बोलण्यात गेलं. दगा त्याचा लंगोटीयार. शहाद्याच्या अलीकडं तापीकाठी दोघांचं गाव, शेताला शेत लागून, घराला घर पाठमोरं. या दगाला खोटं म्हणून बोलता यायचं नाही. लहानपणी एकदा शाळा बुडवून दोघं सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेले. परत आले तर दगाचा बाप दारात काठी घेऊन उभा. "कोठे व्हतात रे?" दगाच्या तोंडाला कुलूप, मान खाली. पितांबर क्षणभरही अडखळला नाही. मास्तरांच्या म्हशीच्या पायात काटा रुतला होता, आम्ही दोघं तिचा पाय धरून बसलो होतो, म्हणाला. बाप इतका खूश झाला की दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. दगानं गूळ खाल्ला बरं का! खोटं मात्र बोलला नाही. पुढं जन्मभर हेच चाललं. दगानं सरळ राहायचं आणि त्याच्या वाटणीचं खोटं पितांबरनं बोलायचं.

सरळ माणसाचा एक वाईट गुण असतो, तो वळत नाही. दगाचा एकुलता एक मुलगा योगेंद्र नंदुरबारला नोकरीला लागला आणि तिथंच शाळेत शिकवणाऱ्या कामिनीशी त्यानं नोंदणी लग्न केलं. कामिनी तोरणमाळकडची, पावरा आदिवासी घरातली. योगेंद्र पेढे घेऊन आला. दगानं पेढ्यांचा पुडा ओट्यावर तसाच राहू दिला आणि म्हणाला, तू ये, तुझं घर आहे. ती नको. झालं. योगेंद्रही त्याच बापाचा. बायको नको तर मीही नको, म्हणून जो गेला तो फिरकलाच नाही. दगाची बायको शांतीबाई मध्ये काही बोलली नाही. म्हणजे रडली, पण बोलली नाही. त्या घरात दगा बोलून मोकळा झाला की बाकीच्यांचं बोलणं संपायचं.

मग गेल्या पावसाळ्यात दगाला छातीचं दुखणं लागलं. नंदुरबारच्या दवाखान्यात पितांबर त्याच्या उशाशी बसून होता. शांतीबाई दिवसभराची थकून बाहेर बाकावर टेकली होती. दगाचा श्वास खालीवर होत होता. पितांबर त्याच्या कानाशी वाकला. "दगा, योगूले बलावं शे. त्यानी बायकोबी येई."

दगानं डोळे उघडले. "योगू येवू दे," म्हणाला. थोडा दम खाल्ला. "ती नको."

एवढंच. भिंतीकडं तोंड केलं आणि गेला तो.

पितांबर बाहेर आला तेव्हा योगेंद्र धापा टाकत जिना चढून आला होता. खाली जिन्याच्या पायथ्याशी कामिनी उभी होती, भिजलेली छत्री हातात घट्ट धरून. वर यायची तिची हिंमत होत नव्हती. सासरा गेला हे दोघांनाही पितांबरच्या चेहऱ्यावरून कळलं. योगेंद्रनं लहान पोरासारखं विचारलं, "काका, आबा काही बोलले का?" शांतीबाई बाकावरून उठून बघत राहिली.

आता तुम्हीच सांगा. त्या घटकेला काय बोलायचं माणसानं? पितांबरला त्या पोरीची छत्री दिसली. तोंडातून निघून गेलं, "बोलना ना. म्हने, सूनले घर लई या."

कामिनी दहाव्याला घरी आली. शांतीबाईनं तिला हाताला धरून आत नेलं, कारण गेलेल्याचा शब्द होता. भाऊबंद कुजबुजले, पण गेलेल्याच्या शब्दापुढं कोण बोलणार? मग दोघं शनिवार-रविवार येऊ लागले. दिवाळी इथं झाली. होळीनंतर तर बिऱ्हाडच गावी आणलं. कामिनी स्कूटीवरून शाळेला जायची, संध्याकाळी येताना सासूसाठी मोगऱ्याचा गजरा आणायची. शांतीबाई लाजून तो पदराखाली लपवायची, विधवा बाईनं गजरा कसा माळायचा म्हणून. मग देवाला वाहायची आणि निजेपर्यंत देव्हाऱ्यापाशीच घुटमळायची.

पितांबरला वाटलं, चला, शेवटचं एक खोटं तरी सार्थकी लागलं. इथं त्यानं गप्प बसायला हवं होतं की नाही? पण जिभेला सवय. कामिनी चहाचा कप हातात देऊन विचारायची, "काका, आबा अजून काय म्हणाले होते हो?" तिला सासऱ्याची भूकच लागली होती. ती विचारायची आणि याला नाही म्हणवायचं नाही. मग दगा म्हणाला होता, पोरगी शिकलेली आहे, घर सुधारेल. दगा म्हणाला होता, मी उगाच हट्ट धरला. हयातीत दगा वर्षाकाठी जेवढं बोलला नसेल, तेवढं मेल्यावर पितांबरच्या तोंडून बोलला. आणि दगा म्हणजे कसा, तर पाणी हवं असलं तरी नुसता तांब्याकडं बघायचा!

असं करता करता आखाजी आली.

अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, म्हातारे-कोतारेसुद्धा दिवसाढवळ्या पत्ते कुटतात आणि कुणी काही म्हणत नाही. पण सकाळचा वेळ असतो गेलेल्या माणसांचा. त्यांच्या नावानं मातीची घागर भरून ठेवतात, वर आंबा आणि खरबूज. आणि घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल तर त्याच्या नावानं एक माणूस जेवायला बोलावतात. त्याला पितर म्हणतात. तो घरचा नसावा, भाऊबंद नसावा. त्याचे पाय धुवायचे, त्याला पाटावर बसवायचं, गंध लावायचं. एकदा पाटावर बसला की उठेपर्यंत त्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही, गेलेल्याच्या नावानं मारायची. जेवण झालं की मुलानं तांब्या घेऊन हातावर पाणी घालायचं आणि विचारायचं, "धापनात का? काही ऱ्हायनं का?" म्हणजे पोट भरलं ना, मनात काही राहिलं तर नाही ना. पितरानं म्हणायचं, "धापनू. काही ऱ्हायनं नही." ते ऐकल्याशिवाय त्या घरात कुणी घास घेत नाही.

दगा आणि पितांबरचं यावरून फार जुनं ठरलेलं होतं. जो आधी जाईल त्याच्या वाटचा आमरस दुसऱ्यानं खायचा. दगा एकच काय तो विनोद करायचा, तो हा. "तू खाताना सांडशी," म्हणायचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी आमंत्रण द्यायला कामिनी स्वतः आली. हातात कुंकवाची वाटी, कपाळावर घाम, कोपरापर्यंत पीठ. सासूनं तिला खापरावरची पुरणपोळी शिकवायला घेतलं होतं आणि पहिल्या तीन पोळ्या खापरावर टाकतानाच फाटल्या होत्या.

"काका, उद्या तुम्हीच. आईंनी सांगितलंय."

"मी नको पोरी. पोट बरोबर नही मन्हं."

"असं कसं? आबांचं आणि तुमचं ठरलेलं होतं ना?" ती ओट्यावर टेकत म्हणाली, "उद्या मीच वाढणार त्यांना. त्यांना एकदाही वाढलं नाही मी. काका, खरं सांगा, शेवटी ते 'सून' म्हणाले का 'कामिनी' म्हणाले?"

पितांबरच्या तोंडाशी आलंच होतं. कामिनी म्हणाला, असं सांगून टाकायचं, त्यात काय. पण या वेळी जीभ वळेना. त्या दगाला तिचं नावही घ्यायचं नव्हतं. 'ती' म्हणायचा तिला. सगळी वर्षं 'ती', आणि शेवटच्या श्वासालाही 'ती'.

"येस मी उद्या," एवढाच होकार देऊन तो आत निघून गेला. कामिनीला वाटलं, म्हाताऱ्याला मित्राची आठवण आली.

त्याला खरंच आठवण आली होती, पण भांडायला. आजवर तो जे जे खोटं बोलला, त्या प्रत्येक वेळी दगा शेजारी उभा होता. मान खाली घालून का होईना, पण त्याला ठाऊक असायचं. हे एकच असं, की ज्यात दगाला विचारलं नव्हतं. वर उद्या त्याच्याच पाटावर, त्याच्याच नावानं बसून, त्याच्याच तोंडानं म्हणायचं की काही राहिलं नाही! पितांबरनं पार घर झाडून काढलं, बैलांना उगाच दोनदा पाणी दाखवलं, तरी चैन पडेना. खरं सांगावं तर ती पोरगी घराबाहेर जाते. नाही सांगावं तर दगाच्या तोंडात कायमचा दुसऱ्याचा शब्द राहतो. जिवंत असता तर त्यानं निदान शिवी तरी घातली असती.

सकाळी उपाशी पोटी तो गेला. योगेंद्रनं पाय धुतले, कपाळाला गंध लावलं. "बसा आबा," म्हणाला. काल-परवापर्यंत जो काका होता तो आबा झाला. शांतीबाईनं चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकली, म्हणजे गेलेल्याच्या नावानं पोळीचा, भाताचा घास. तुपाचा धूर घरभर झाला. कोपऱ्यात लाल घागर, तिच्यावर आंबा.

कामिनी वाढायला आली. पोळी चांगली जमली होती, खापराएवढी मोठी, पातळ, कुठं फाटलेली नाही. तिनं ती दोन्ही हातांनी ताटात ठेवली, वाटीत आमरस ओतला, कुरडई ठेवली आणि हळूच म्हणाली, "आबा, सावकाश जेवा."

पितांबर जेवला. कसा जेवला ते त्याला माहीत. आमरस सांडला नाही, तेवढा मान राखला मित्राचा. शांतीबाई उंबऱ्यापाशी बसून बघत होती. नवरा जेवताना बघायची तशीच बघत होती, काही हवं नको ते डोळ्यांनी विचारत.

योगेंद्र तांब्या घेऊन वाकला. "आबा, धापनात का?"

"धापनू."

"काही ऱ्हायनं का?"

पितांबरनं हात पुढं धरलेले होते. पाण्याची धार बोटांवरून परातीत पडत होती. मागच्या दारात कामिनी पदरानं कपाळ पुसत उभी होती, तिच्या तोंडावर केवढा आनंद. म्हणून टाक बाबा, तीन शब्द तर आहेत, असं त्यानं स्वतःला बजावलं.

"ऱ्हायनं," तो म्हणाला.

तांब्या योगेंद्रच्या हातात तसाच राहिला. गावाच्या आठवणीत कुणा पितरानं राहिलं म्हणून सांगितलं नव्हतं. शांतीबाई पुढं सरकली. "काय ऱ्हायनं?"

"एक खोटं ऱ्हायनं. दगानं नही, मन्हं." मग पितांबरनं भरभर सगळं सांगितलं, थांबलं तर पुन्हा जीभ वाकडी वळेल म्हणून. दगा म्हणाला नव्हता सुनेला आणा. योगू येऊ दे, म्हणाला होता. ती नको, म्हणाला होता. बाकीचं सगळं, पोरगी शिकलेली, घर सुधारेल, उगाच हट्ट धरला, सगळं माझं. "माले कीव उनी म्हनीसन बोलनू. पन मन्हा दोस्त आसा बोलना नही. त्याना पाटवर बशीसन मी त्याले परत खोटा नही पाडाव."

बाहेर निंबाच्या झोक्यावर पोरी खिदळत होत्या, तेवढाच आवाज.

योगेंद्रनं तांब्या खाली आपटला. "वर्षभर, काका? वर्षभर मी रोज त्यांच्या फोटोला नमस्कार करतोय. म्हणायचो, शेवटी माझा बाप माझा झाला." त्याचे डोळे लाल झाले. "आणि आज सांगता? आजच?"

"आजच तू माले इचारं ना," पितांबर कसाबसा म्हणाला.

कामिनीनं हातातली वाटी खाली ठेवली. सगळे तिच्याकडं बघायला लागले आणि ते तिला आवडलं नाही. "म्हणजे नावसुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली.

पितांबरनं मान हलवली.

"माझा बापही तिकडं तोरणमाळला असंच म्हणाला होता. परका नको. अजून बोलत नाही माझ्याशी. त्याच्या वतीनं कुणी खोटं बोललं नाही, एवढाच फरक." तिनं पदर सारखा केला, योगेंद्रकडं बघितलं. "चला, आपण नंदुरबारला जाऊ. आईंना त्रास नको. मी ज्या शब्दावर आले तो शब्दच नाही, तर राहायचं कसं?"

पितांबरला वाटलं, आता धरणी दुभंगावी आणि आपल्याला पाटासकट गिळावं. घर मोडलं की हो! ज्या पोरीसाठी केलं तिलाच उन्हात काढली.

तेवढ्यात शांतीबाई उठली. बाईनं चाळीस वर्षांत त्या ओसरीत आवाज चढवला नव्हता, त्यामुळं पहिला शब्द कुठून आला हेच कुणाला कळलं नाही.

"बसा सगळा!"

सगळे बसले. पितांबर तर बसलेलाच होता, तरी आणखी बसला.

"पितांबर भाऊ, मी भायेर बाकडावर बशेल व्हती. चार पावलंवर. त्यानी जाताना तुम्हले सांगं नि माले नही सांगं, हाई माले वरीसभर टोची ऱ्हायनं. इतला संसार करा, नि शेवटना शबद दोस्तले!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र वाढतच होता. "रोज रातले इचार करू, माले का नही सांगं? मन्हं काय चुकनं? तुम्हले पोरगीनी कीव उनी. मन्ही नही उनी?"

हे पितांबरच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एका बाईच्या डोळ्यातलं पाणी पुसायला निघाला आणि दुसरीच्या डोळ्यात काटा घालून बसला, तो वर्षभर, रोज तिच्या हातचा चहा पीत.

"तो नही म्हने. तुम्ही हो म्हनात," शांतीबाई बोलत होती. "मन्हा घरमा सून येवाले पाहिजे का नही, हाई माले कोनी इचारं? रांधस मी. चूल मन्ही. एक जिता व्हता तवय ठरावना, नि दुसरा तो मरना तवय ठरावना."

योगेंद्र खाली बघत होता. त्यानंही आईला कधी विचारलं नव्हतं. बापाशी भांडून गेला तेव्हा आई घरात कुठं होती हेसुद्धा त्याला आठवेना.

शांतीबाई मागच्या दाराशी गेली. कामिनीचा हात धरून तिला पुढं आणलं, पीठ लागलेल्या हातासकट. दहाव्यालाही तिनं हा हात धरला होता, पण तेव्हा दुसऱ्याच्या शब्दावर.

"त्यानी नही सांगं. आते मी सांगस. कामिनी आठेच, या घरमा ऱ्हाई." मग सुनेकडं वळून, आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "ऱ्हाशी ना माय? मी इचारी ऱ्हायनी."

कामिनीला रडू आवरेना. तिनं मान हलवली, मग ते पुरेसं नाही असं वाटून म्हणाली, "ऱ्हासू." तिचं ते अहिराणी इतकं अडखळत आलं की शांतीबाईला रडता रडता हसू फुटलं.

"नि तुम्ही," शांतीबाई पितांबरकडं वळली, "यानापुढं माले इचारीसन खोटं बोलत जा."

"यानापुढं बोलावच नही, वहिनी."

"हाऊ दखा! परत खोटं बोलना!"

योगेंद्रसुद्धा हसला. राग गेला नव्हता त्याचा, पुढचे दोन-तीन आठवडे तो पितांबरशी तुटकच बोलला, तेही खरंच आहे. पण तो उठला, फोटोपाशी गेला आणि बराच वेळ बापाकडं बघत राहिला. "ती नको," तो स्वतःशीच बापाच्या आवाजात म्हणाला आणि मान हलवली. "आबाच हे. मला वाटायचंच, शेवटी एवढं गोड कसं बोलले? मला वाटलं, भ्रमात असतील." मग वळून म्हणाला, "पण योगू येऊ दे, म्हणाले ना? हे तरी खरं ना, काका?"

"दगानी आन," पितांबरनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

योगेंद्रनं बाहीनं डोळे पुसले.

पितांबर अजून पाटावरच होता. उठावं की नाही हे त्याला कळेना, कारण उत्तर द्यायचं राहिलं होतं आणि घरातली सगळी माणसं उपाशी होती. शांतीबाईनं योगेंद्रनं आपटलेला तांब्या उचलला. त्यात घोटभर पाणी उरलं होतं. रिवाजाप्रमाणं मुलानं विचारायचं असतं, पण तिनं कुणाकडं बघितलं नाही. ती पाटासमोर वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नावानं हाक मारली.

"दगा, आते सांग. काही ऱ्हायनं का?"

पितांबरनं हात पुढं केले. पाणी त्याच्या बोटांवर पडलं, गार. भिंतीकडं तोंड केलेला मित्र त्याला आठवला, हट्टी, सरळ, गूळ खाऊन गप्प बसलेला. दगानं आज काय म्हटलं असतं हे पितांबरला माहीत नव्हतं, आणि आपल्याला ते माहीत नाही हे त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं. म्हणून तो दगाच्या वतीनं बोलला नाही. त्यानं शांतीबाईकडं बघितलं.

"दगानं काय ते माले माहीत नही, वहिनी. मन्हं तेवढं सांगस. मन्हं काही ऱ्हायनं नही."

"तेवढं चाली," शांतीबाई म्हणाली, आणि कामिनीला म्हणाली, "वाढ वं सगळासले. पोळ्या गार व्हई ऱ्हायन्यात."